जाळी कुणाची, धास्ती कुणाची

पत्र:

दादा, नमस्कार. आम्ही चिपळूणजवळ राहतो. जुनं कौलारू घर आहे, मागच्या बाजूला स्लॅबच्या दोन खोल्या आणि बाथरूम नवीन बांधलंय. कोळ्यांनी जीव नकोसा केलाय. जाळी काढली की आठ दिवसांत पुन्हा जैसे थे. त्यात बाथरूममध्ये गिझरच्या मागे हाताच्या पंजाएवढा कोळी बसतो, परवा त्याच्या पोटाखाली पांढरी गोल चकती दिसली, म्हणजे अंडी असणार, आता शेकडो पिल्लं होऊन घरभर जाळी करणार. मिस्टरांनी लाल हिट मारलं तर मेला नाहीच, उलट अंगावर धावून आला. सासूबाई म्हणतात कोळी अंगावरून फिरला की फोड येतात, आणि गेल्या पावसाळ्यात मुलाच्या मानेवर तसे फोड आले पण होते. मुलगा चार वर्षांचा आहे. भिंतीवर करड्या रंगाच्या छोट्या पिशव्या चिकटलेल्या असतात, ती पण कोळ्याचीच अंडी का? कापूर, डांबरगोळ्या, लिंबू सगळं करून झालं. पेस्ट कंट्रोलवाला बोलवू का?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर:

ताई, नमस्कार. पत्र नीट वाचलं आणि पहिली गोष्ट सांगतो ती ही की तुमच्या घरात एक नाही दोन वेगवेगळे कोळी आहेत आणि तुम्ही दोघांचे गुन्हे एकाच्या नावावर टाकलेत. गिझरमागचा जो मोठा आहे ना, तो जाळं करतच नाही. रेशीम काढतो ते अंड्यांची पिशवी विणायला वगैरे, किडे पकडायचं जाळं कधीच नाही. आणि जाळी जो करतोय तो तुम्हाला बहुतेक दिसतही नसेल कारण तो इतका काटकुळा असतो की जळमटातलाच एखादा धागा वाटतो. त्यामुळे मिस्टरांनी हिट घेऊन मोठ्याच्या मागे धावणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी, मोठा मेला तरी कोपऱ्यातली जाळी होती तशीच राहणार.

आधी चोर बघू. उद्या दुपारी चांगल्या उजेडात टॉर्च घेऊन स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात किंवा दाराच्या मागे जे जाळं आहे त्याच्याजवळ जा. विस्कटलेलं, काही आकार नसलेलं जाळं असेल आणि त्यात उलटा लटकलेला राखाडी कोळी, शरीर अगदी अर्धा सेंटिमीटर पण पाय मात्र पाच-सहा सेंटिमीटरपर्यंत लांब आणि केसाएवढे बारीक. पायाचे गुडघे जरा गडद दिसतात. बाजूने बघितलं तर पोट गोल नसतं, चौकोनी डबीवजा असतं आणि मागच्या वरच्या कोपऱ्याला छोटं टोक आलेलं असतं, ही त्याची पक्की खूण. शास्त्रीय नाव क्रॉसोप्रायझा लायोनी, १८६७ साली ब्लॅकवॉल नावाच्या इंग्रज अभ्यासकाने त्याची नोंद केली, पण नाव लक्षात ठेवायची काही गरज नाही. तरीही शंका वाटली तर एक काडी घेऊन जाळ्याला हळूच टोचा. पळून जायच्या ऐवजी तो जागच्या जागी इतक्या जोरात थरथरायला लागतो की त्याचं शरीर धूसर होतं, नजर ठरत नाही त्याच्यावर. शत्रूला नेमकं कुठे धरायचं ते कळू नये म्हणून हा खटाटोप. मुलाला दाखवा, खूश होईल, आणि कोळ्याची भीती निम्मी तिथेच जाते हा माझा अनुभव आहे. मादी असेल तर कधीकधी तोंडात बारीक दाण्यांचा एक गोळा धरलेला दिसेल, ती तिची अंडी, ही बाई पिल्लं बाहेर येईपर्यंत अंडी तोंडातच धरून बसते.

या कोळ्याबद्दल व्हॉट्सअ‍ॅपवर एक ज्ञान फिरतं की जगातला सगळ्यात विषारी कोळी हाच, फक्त दात छोटे म्हणून माणसाला चावता येत नाही. खोटं आहे. या कोळ्यांचा माणसाला त्रास नाही. त्रास आहे तो जळमटांचा आणि जाळ्याखाली फरशीवर पडणाऱ्या त्या काळ्या-पांढऱ्या बारीक ठिपक्यांचा, जे कितीही पुसलं तरी चार दिवसांनी परत त्याच जागी दिसतात. ती कोळ्याची शी आहे, बाकी काही नाही, पण उपयोगाची आहे, कारण ठिपके दिसले की मान वर करून बघायचं, कोळी बरोबर डोक्यावर सापडतो.

आता आठ दिवसांत जैसे थे का होतं ते ऐका. बागेत चक्राकार जाळं करणारे कोळी असतात त्यातले बरेच जण जुनं जाळं खाऊन टाकतात आणि नवीन विणतात, त्यामुळे तिथे जळमटं साठत नाहीत. आपला हा घरातला तसं करत नाही. जुन्याला नवीन धागे जोडत जातो, त्यावर धूळ बसते, चुलीचा धूर असेल तर काजळी बसते, आणि मग ते काळे चिकट झुपके वाशावरून लोंबायला लागतात. आपण काय करतो, लांब दांड्याचा झाडू घेऊन सपासप मारतो. जाळं तुटतं, कोळी खाली पडतो नाहीतर कौलाच्या आणि वाशाच्या फटीत घुसतो, आणि आपण चहा प्यायला बसलो की तो परत कामाला लागतो. म्हणजे तुम्ही त्याचं घर मोडता, त्याला तसंच ठेवता. वर झाडूने फटकारल्यामुळे भिंतीवर काळे ओरखडे उठतात ते वेगळेच, चुन्याच्या भिंतीवर तर फारच.

म्हणून जाळं झाडायचं नाही, गुंडाळायचं. बांबूच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या दांड्याला जुनं सुती फडकं किंवा बनियन गुंडाळा, किंचित ओलं करून पिळून घ्या, आणि जाळ्यात घालून दांडा स्वतःभोवती फिरवत फिरवत पुढे न्या, जाळं, कोळी, अंडी सगळं फडक्याला गुंडाळून खाली येतं. फडकं बाहेर अंगणात लांब नेऊन झटका किंवा साबणाच्या पाण्यात बुडवा, मारायचं की सोडायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, मी यात पडत नाही. व्हॅक्युम क्लीनर असेल तर लांब नळी लावून ओढून घ्या, सगळ्यात स्वच्छ काम, फक्त पिशवी लगेच बाहेर रिकामी करा. एकदा केलं की दहा-पंधरा दिवसांनी परत एकदा तसंच करायचं, कारण पहिल्या वेळी फटीत राहिलेल्या आणि तोंडात अंडी धरून बसलेल्या एकदोघी असतातच आणि त्यांची पिल्लं नंतर बाहेर येतात. हा दुसरा हात आपण सगळे टाळतो. गणपतीच्या आधी एकदा घर लख्ख करतो आणि मग थेट नवरात्रात घट बसायच्या आदल्या दिवशी वर बघतो. मधल्या काळात पावसाळी किडे ढिगाने असतात, कोळ्याला सुगीच.

काही लोक काठीला पेटता कागद लावून जाळी जाळतात, लाकडी वाशांच्या घरात तर हे कधीच करू नका. रॉकेल शिंपडणं पण नको. आगीचं सोडा, वासाने तुम्हीच घराबाहेर जाल.

पण नुसती जाळी गुंडाळून भागत नाही, कारण कोळी तिथे राहतो जिथे जेवण असतं. तुमच्या पडवीत रात्रभर पांढरा ट्यूब किंवा मोठा एलईडी जळतो का? कोकणात घराघरात जळतो, विंचू-काट्याच्या भीतीने, ते मला कळतं. पण पांढऱ्या उजेडावर किडे येतात, किड्यांच्या मागे कोळी येतात, त्यामुळे बघा, सगळ्यात जास्त जाळी दिव्याच्या आसपास असतात. तिथे पिवळसर उजेडाचा दिवा लावा, किडे बऱ्यापैकी कमी होतात. दिवा दारावरच असेल तर शक्य असल्यास जरा लांब खांबावर न्या, म्हणजे उजेड दारावर पडेल पण किडे दारात घोंगावणार नाहीत. घरात तांदळाची कणगी किंवा धान्याचे डबे असतील तर त्यातून पाखरं उडतात का बघा, कारण मग तुम्ही कोळ्यासाठी आतल्या आत मेस चालवताय. आणि अडगळ, म्हणजे पोटमाळ्यावरचे खोके, जुने पत्र्याचे डबे, दाराआडचे पायपुसणे, छत्र्या, ते हलवत राहिलात तर कोळ्याला स्थिर जागा मिळत नाही.

एक स्पष्ट सांगतो. कौलारू घरातून कोळी पूर्ण संपवून देतो असं कुणी म्हणाला तर तो फेकतोय. कौलांमध्ये हजार फटी, त्या बुजवायच्या म्हटलं तर घराचा श्वास कोंडेल आणि उन्हाळ्यात तुम्ही. जुन्या भागात महिन्यातून दोनदा जाळी गुंडाळायची आणि बाकी दुर्लक्ष, एवढंच परवडतं. स्लॅबच्या खोल्यांत मात्र बंदोबस्त होतो, तिथे खिडकीला मच्छरजाळी, दाराखालची फट बंद करायला रबरी पट्टी, पाइप आणि वायरी जिथून भिंतीत शिरतात तिथे सिमेंट किंवा सिलिकॉन. आणि हो, हा कोळी डास खातो. थायलंडमध्ये याच जातीचा अभ्यास झालाय, १९९७ साली प्रसिद्ध झाला, डेंग्यू पसरवणाऱ्या डासांचा भक्षक म्हणून. याचा अर्थ कोळी पाळा आणि मच्छरदाणी फेकून द्या असा नाही, कोळी काही डेंग्यू थांबवत नाही, पण मागच्या पडवीत एखाद दुसरं जाळं राहिलं तर घरात लक्ष्मी टिकणार नाही वगैरे टेन्शन घेऊ नका.

आता संन्यासी. गिझरमागचा.

तुमच्या वर्णनावरून आणि पोटाखालच्या चकतीवरून हा हेटेरोपोडा वेनाटोरिया दिसतोय, इंग्रजीत ज्याला हंट्समन म्हणतात. त्याची नोंद लिनियस नावाच्या स्वीडिश अभ्यासकाने १७६७ साली केलीय आणि जगातल्या सगळ्या उष्ण प्रदेशांत, बंदरांच्या गावांत, केळ्यांच्या खोक्यांतून हा पोचलेला आहे. तपकिरी, चपटा, शरीर दोन-अडीच सेंटिमीटर आणि पाय पसरले की दहा-बारा सेंटिमीटर भरतो. पाय खेकड्यासारखे बाजूला वळलेले असतात म्हणून एवढा मोठा असूनही गिझर आणि टाइल यांच्या बोटभर फटीत आरामात मावतो. समोरून बघायची हिंमत झाली तर डोळ्यांच्या खाली एक फिकट पांढरट पट्टा दिसेल, मिशी ठेवल्यागत, त्यावरून खात्रीच करा. नर बारीक आणि जास्त लांब पायांचा, मादी पोटाने भरलेली. तुमची मादी आहे कारण चकती तिच्याकडे आहे. ती चकती छातीखाली धरून फिरते, पिल्लं निघेपर्यंत सोडत नाही, आणि त्या काळात जरा चिडकी असते. पिल्लं शेकडो निघतात हे तुमचं खरं आहे. पण ती घरभर जाळी करणार नाहीत, त्यांना येतच नाही. थोड्या दिवसांत पांगतात आणि बरीचशी मुंग्यांच्या, पालींच्या आणि एकमेकांच्या तोंडी जातात. तुम्हाला त्यातली मोठी होऊन एखाद दुसरी दिसली तर दिसेल.

ती बाथरूममध्ये काय करते? झुरळं खाते. एवढंच. रात्री दिवा बंद झाला की मोरीच्या जाळीतून झुरळं वर येतात आणि ही बाई वाट बघत असते. जाळ्याशिवाय, नुसत्या धावण्याच्या जोरावर झुरळ पकडणं सोपं नाही, तुम्ही चपलेने प्रयत्न केलाय ना कधी. कधी पालीच्या पिल्लालाही सोडत नाही. म्हणून घरात हंट्समन वरचेवर दिसतो याचा अर्थ मी असा लावतो की इथे झुरळं भरपूर आहेत, आणि दिसणाऱ्यापेक्षा न दिसणारी जास्त. तिचा बंदोबस्त करायचा असेल तर खरं म्हणजे झुरळांचा करा. मोरीला बारीक छिद्रांची जाळी किंवा रात्री झाकण, सिंकच्या खालचा पाइप जिथे जमिनीत जातो ती फट बंद, किचन ट्रॉलीच्या मागे आणि फ्रीजच्या खाली झुरळांच्या जेलचे ठिपके मुलाचा हात पोचणार नाही अशा जागी, रात्री खरकटं सिंकमध्ये ठेवायचं नाही. महिन्या-दोन महिन्यांत झुरळं कमी झाली की ती आपोआप दुसरीकडे जाते, उपाशी कशाला बसेल.

हिट मारल्यावर अंगावर का धावून आली? ती अंगावर आली नाही, ती पळत होती. फवाऱ्याने भंजाळून जी सावली, जी आडोशाची जागा समोर दिसेल तिकडे सुटते, आणि बाथरूममध्ये आडोसा म्हणजे तुमचे मिस्टर. शिवाय या फवाऱ्यांचं असं आहे की झुरळ जमिनीला पोट घासत चालतं, औषध अंगाला लागतं, मग पाय-मिशा तोंडात घालून साफ करताना ते पोटातही जातं. कोळी पायांच्या टोकांवर उंच चालतो, अंग जमिनीला लागत नाही, त्यामुळे भिंतीवर मारून ठेवलेलं औषध त्याला फारसं बाधत नाही. थेट अंगावर भरपूर बसलं तरच मरतो, आणि तोपर्यंत छोट्या बंद बाथरूममध्ये अर्धा डबा तुम्हीच हुंगलेला असतो. चार वर्षांचं पोर घरात आहे. मांजर किंवा माशांची टाकी असेल तर आणखी जपा, या प्रकारची औषधं माशांना फार घातक असतात आणि त्यातली काही मांजरांनाही.

आणि नकोच असेल ती डोळ्यांसमोर, तर बाहेर सोडा. आइस्क्रीमचा मोठा प्लॅस्टिकचा डबा घ्या, पारदर्शक मिळाला तर उत्तम, आणि एक जाड लग्नपत्रिका, घराघरात गठ्ठे पडलेले असतात. रात्री ती उघड्या टाइलवर आली की डबा वरून हळू, न घाबरता, पायांवर कड पडणार नाही असा ठेवायचा. घाई केली की संपलं, तिचा वेग तुमच्यापेक्षा जास्त आहे. डब्याखालून पत्रिका सरकवत न्यायची, ती स्वतःच पाय उचलून पत्रिकेवर येते. मग हात पत्रिकेखाली दाबून धरून, डबा तिरका न करता, गोठ्याकडे किंवा लाकडांच्या थप्पीकडे न्या आणि डबा आडवा ठेवून बाजूला व्हा. उघड्या डब्यात ठेवून भरवसा ठेवू नका, हिच्या पायांना असे केस असतात की ती गुळगुळीत प्लॅस्टिकवर आणि काचेवरही चढते. चकतीसकट न्या, चकती पाडायचा प्रयत्न करू नका. नुसत्या हाताने धरायचं नाही, कारण दाबली गेली तर चावते, गांधीलमाशीच्या आसपास दुखतं, सूज येते, एक-दोन दिवसांत उतरते. साबणाने धुवायचं, बर्फ लावायचा. मुलाला चावलीच आणि सूज वाढत गेली, ताप आला, अंगावर पित्त उठलं किंवा श्वासाला त्रास झाला तर थेट दवाखाना, घरी वाट बघायची नाही.

कधीतरी गिझरमागे नुसता वाळलेला, पोकळ, हलका कोळी सापडेल, पाय सगळे जागच्या जागी. तो मेलेला नाही, ती टाकलेली कात आहे, मालकीण मोठी होऊन पुढे गेली. मिस्टरांनी हिटने मारला म्हणून जाहीर करायच्या आधी फुंकर मारून बघा, उडाला की कात.

फोडांचं मात्र मला जरा सविस्तर लिहायचंय, कारण तिथे कोळ्याच्या नावाखाली चुकीचा इलाज होतो. सासूबाई जे सांगतात ते पिढ्यान्‌पिढ्या सगळे सांगत आलेत आणि त्यांनी फोड खोटे बघितलेत असं अजिबात नाही, फोड खरे असतात, आरोपी चुकीचा असतो. कोळी अंगावरून नुसता चालत गेल्याने फोड येत नाहीत. पावसाळ्यात दिव्यावर एक लांबुळका किडा येतो, सेंटिमीटरपेक्षा जरा लहान, अंगावर केशरी आणि काळे पट्टे आलटून पालटून, पंख आखूड, शेपूट वर करून पळतो, पिडेरस त्याचं नाव, लोक त्याला अ‍ॅसिड फ्लाय म्हणतात. तो चावत नाही, डंखही नाही. मानेवर बसला आणि आपण झोपेत हाताने चिरडला की त्याच्या अंगातलं पिडेरिन नावाचं रसायन कातडीला लागतं. लगेच काही होत नाही, दुसऱ्या दिवशी लाल होतं, जळजळतं, आणि मग ज्या रेषेत चिरडला त्या रेषेत बारीक फोड येतात. कोपराच्या किंवा मानेच्या घडीत लागलं तर समोरासमोरच्या दोन्ही भागांवर जुळे फोड उठतात. सकाळी उठून बघतो तर मानेवर फोड आणि वर छताला कोळी, झालं, कोळ्याला शिक्षा. मुलाच्या मानेवर पावसाळ्यात आलेले फोड हेच असावेत असा माझा अंदाज आहे. यापुढे असा किडा अंगावर दिसला तर चिरडायचा नाही, फुंकर मारून किंवा कागदाने उडवायचा, आणि लागलाच तर ती जागा लगेच साबणाच्या पाण्याने धुवायची, तोच हात डोळ्याला लावायचा नाही. पावसाळ्यात झोपायच्या खोलीतला दिवा खिडक्या उघड्या ठेवून जाळायचा नाही, आणि मुलाला मच्छरदाणीत झोपवायचं.

दुसरी गोष्ट नागीण. मोठ्या माणसांना कमरेवर, छातीवर, एकाच बाजूला पट्ट्याने दुखरे फोड येतात, त्यालाही घरात कुणीतरी कोळी फिरला म्हणतंच आणि मग कुणी गेरू लावतं, कुणी मंतरून आणतं. नागिणीवर गोळ्या आहेत आणि त्या फोड उठल्यापासून तीन दिवसांच्या आत सुरू केल्या तर जास्त उपयोग होतो. सासूबाईंच्या वयात हे जास्त लागू. म्हणून एकाच बाजूला पट्ट्याने फोड आणि त्याच्या आधी तिथे ठणका असेल तर कोळ्याचा विचार सोडून डॉक्टर गाठायचा, त्याच दिवशी. आणि उलटा उपयोग पण नको, म्हणजे जखमेवर कोळ्याचं पांढरं जाळं चिकटवणं, गावाकडे करतात अजून. त्या जाळ्यावर वर्षाची धूळ आहे. जखम धुवा, पट्टी लावा, धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय का ते बघा.

भिंतीवरच्या करड्या पिशव्या ही कोळ्याची अंडी नाहीत. चपटी, साधारण सेंटिमीटरभर, दोन्ही टोकांना निमुळती, मधे फुगीर, सिमेंटच्या रंगाची आणि वाळूचे कण लावल्यासारखी खरखरीत, असंच ना? थोडा वेळ बघत बसा, एका टोकातून बारीक अळी डोकं काढते आणि पिशवी ओढत भिंतीवर चालायला लागते. ही एका छोट्या पतंगाची अळी, प्लास्टर बॅगवर्म म्हणतात. ती काय खाते माहितीये? जुनी जळमटं. शिवाय केस, लोकर, मेलेले किडे. म्हणजे तुमची जाळी वेळेवर निघाली तर या पिशव्यांचं अन्न पण गेलं. त्यांना औषध नको, वरच्यावर ओल्या फडक्याने पुसून काढा, पलंगाच्या आणि कपाटाच्या मागची धूळ काढा, लोकरी कपडे बंद डब्यात ठेवा. ओल्या भिंतीवर जास्त असतात, चिपळुणात पावसाळ्यात भिंत कोरडी ठेवा असं मी लिहिणार नाही, मलाही जनाची थोडी आहे.

भिंतीवर दिवसा टुणटुण उड्या मारणारा छोटा, पुढे दोन मोठे डोळे असलेला, मान वळवून तुमच्याकडे बघतो तो तिसराच, त्याला जाळंही नाही आणि धास्तीही नाही, माशा पकडतो, त्याच्या वाटेला जाऊ नका.

कापूर, लिंबू, डांबरगोळ्या. लिंबाच्या तेलाची कोळ्यांवर चाचणी झालीय, २०१८ साली ते छापून आलं, तुमच्या घरातल्या जाती त्यात नव्हत्या, पण ज्या होत्या त्यांच्यावर लिंबाचा काही परिणाम दिसला नाही, पुदिन्याच्या तेलाने मात्र काही जाती लांब राहिल्या. पुदिन्याचं तेल हवं तर खिडकीच्या कडेला लावून बघा, वास उडाला की असर गेला, रोज लावत बसावं लागेल आणि महाग पडेल. कापूर देवापुढे ठेवा. डांबरगोळ्या मात्र आजच उचला, मी गंमत करत नाहीये, पांढरी गोळी चार वर्षांच्या मुलाला पेपरमिंट वाटते आणि पोटात गेली तर रक्तातल्या लाल पेशी फुटण्यापर्यंत प्रकार जाऊ शकतो, काही मुलांमध्ये जी६पीडी नावाच्या एन्झाइमची जन्मजात कमतरता असते त्यांना तर फारच धोका. उघड्यावर, कोपऱ्यात, बाथरूमच्या जाळीवर कुठेच नको. लक्ष्मणरेषेचा खडू पण कोळ्यासाठी ओढू नका, कारण तेच, त्याचं अंग जमिनीला लागत नाही.

पेस्ट कंट्रोलवाला कोळ्यासाठी बोलवू नका. झुरळांसाठी बोलवायचा तर बोलवा, आणि त्याला सरळ सांगा की फवारा नको, जेल लाव. कोळ्याचं वेगळं पॅकेज म्हणून पैसे मागितले तर नाही म्हणा. औषधाचं नाव विचारा, किती वेळ खोलीत जायचं नाही ते विचारा, आणि हर्बल आहे म्हणाला तरी मुलाला त्या दिवशी माहेरी नाहीतर शेजारी ठेवा.

एकच प्रकार आहे जिथे मी स्वतः जवळ जायचं नाही म्हणेन. तुमचं घर डोंगराच्या, झाडीच्या जवळ असेल तर पावसाळ्यात कधी जाड, केसाळ पायांचा, सगळं अंग लवेने भरलेला कोळी भिंतीवर किंवा वाशावर येऊ शकतो. तो हंट्समन नाही, टॅरंटुला आहे, सह्याद्रीच्या जंगलांत झाडांच्या ढोलीत राहणाऱ्या जाती आहेत, त्यांच्या चाव्याने जीव जात नाही पण दुखतं फार आणि पायात-हातात गोळे येतात. फरक असा बघा, हंट्समन चपटा आणि काटकुळ्या पायांचा, भिंतीला चिकटून आडवा पसरतो, टॅरंटुला जाड आणि फुगीर, पाय बोटाच्या पेरासारखे भरलेले. असा दिसला तर लांबून फोटो काढा, मुलाला दुसऱ्या खोलीत न्या, आणि गावात साप पकडणारा जो सर्पमित्र असेल त्याला फोन करा, बरेच जण हेही काम करतात. डबा आणि लग्नपत्रिकेचा प्रयोग त्याच्यावर करू नका.